चाळीस वर्षं उपासनेला जातोय, मन काही भरत नाही

बुटीबोरी_लोकल | रविवार, रात्री ११:४०

सगळ्यांना सलाम.

वर्षभर इथे नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सदरमध्ये वाढलो. पणजोबांपासून आमचं घर ख्रिस्ती. वय ४७. शब्बाथ शाळा, दृढीकरण, तरुण संघ, क्वायर (मी बेस गातो), सगळं रीतसर झालं. एकवीस वर्षं बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत काढली. मार्चमध्ये आमचं युनिट बंद झालं. हिशोब दिला, सोबत भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते अजून खोक्यातच आहे. मुलगा दुसऱ्यांदा नीटला बसला आणि दुसऱ्यांदा राहिला. २०१५ मध्ये एक फ्लॅट बुक केला होता, तिथे चौथ्या मजल्यावर सळ्या गंजताहेत आणि बँकेचा हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता कापला जातो.

पण हे रडगाणं गायला धागा काढलेला नाही. मला टोचतंय ते वेगळंच. हे सगळं सुरळीत होतं तेव्हाही मन भरत नव्हतं. २०१८ मध्ये मला सुपरवायझर केलं. त्या पदासाठी सहा वर्षं झुरलो होतो. दुपारी अख्ख्या शिफ्टला संत्रा बर्फी वाटली. संध्याकाळी वर्धा रोडने परत येताना बसच्या खिडकीला डोकं टेकून बसलो आणि मनात आलं, बस, एवढंच? घरी बायकोला काही बोललो नाही. ती बिचारी खूश होती.

आणि दर रविवारी आम्ही गातो की तृप्ती फक्त प्रभूत आहे. मी खालचा सूर धरतो, ओठ हलतात, डोक्यात हप्त्याचा आकडा असतो. एवढी वर्षं त्याच विहिरीवर जाऊन तोंड कोरडंच राहत असेल, तर विहिरीत पाणी नाही की मला पोहराच सोडता येत नाही?

कृपा करून "प्रार्थना करा" एवढंच लिहू नका. ते मला आमच्या चहावाल्यानेही सांगितलंय.


तर्री_पोहा | रविवार, रात्री ११:५८

प्रार्थना करा भाऊ.

(गंमत करून राहिलो. मारू नका.)

मन भरण्याचं मला काही समजत नाही, मी ख्रिस्ती पण नाही. पण फ्लॅटचं समजते. २०१५ ची बुकिंग, काम अर्धवट, म्हणजे तुमचा प्रोजेक्ट महारेरात, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंदलेला असायलाच पाहिजे. आधी वेबसाइटवर नोंदणी क्रमांक पाहा, पूर्ण करण्याची तारीख काय टाकली ते पाहा. मग तक्रार टाका. आमच्या काकांना व्याजासकट पैसे मिळाले, वेळ लागला पण मिळाले. तृप्ती येईल तेव्हा येईल, कागद आधी जमा करा.


जुना_करार | सोमवार, सकाळी ७:१०

बसच्या खिडकीतला तो प्रसंग वाचून मला बायबलातलं उपदेशकाचं पुस्तक आठवलं. दुसरा अध्याय काढून बघा. घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, झाडांना पाणी द्यायला तळी खोदली, सोनं-रुपं साठवलं, गाणारे ठेवले. यादी संपता संपत नाही. आणि शेवटी म्हणतो, मागे वळून पाहिलं तर सगळं व्यर्थ.

इथे एक गंमत आहे. आपण "व्यर्थ" वाचतो तिथे मूळ हिब्रू शब्द "हेवेल". त्याचा साधा अर्थ वाफ, श्वास. डिसेंबरात पहाटे फुटाळ्यावर फिरायला गेलं की तोंडातून वाफ निघते ना, ती. दिसते खरी, हात घातला तर मुठीत काही नाही. म्हणजे तुमची बढती खोटी नव्हती. बर्फीही गोडच होती. फक्त ती मुठीत धरायची वस्तू नव्हती.

आणि हे लिहिणारा माणूस हरलेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला काही मिळालं नाही त्याने जगाला नावं ठेवली तर आपण म्हणतो, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. याला सगळं मिळालेलं आहे.


मोहननगर_कोपरा | सोमवार, सकाळी ९:२५

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे या विषयावर संत ऑगस्टिनशिवाय पान हलत नाही. पण देवात विसावेपर्यंत आमचं हृदय अस्वस्थ असतं, हे त्यांचं प्रसिद्ध वाक्य मी उगाळणार नाही, ते मिसेत (आमच्या उपासनेत) दर वर्षी ऐकतो. मला त्यांचा भिकाऱ्याचा प्रसंग जास्त आवडतो.

ऑगस्टिन तेव्हा मिलान शहरात वक्तृत्वाचे प्राध्यापक होते. नाव, पगार, ओळखी सगळं होतं. सम्राटाच्या स्तुतीचं भाषण करायचं होतं, त्यात बऱ्याच थापा मारायच्या होत्या आणि त्या थापांना टाळ्या पडणार हे ठाऊक होतं. त्या काळजीने पोटात गोळा आलेला. रस्त्यात एक भिकारी दिसला, थोडी प्यायलेला, खिदळत होता. ऑगस्टिन सोबतच्या मित्रांना म्हणाले, आपण एवढी ऊर फुटेस्तो धावाधाव करतो ती जे मिळवायला, ते याने चार नाण्यांत मिळवलं. पुढे तेच लिहितात की त्या भिकाऱ्याचा आनंदही खरा नव्हता, पण माझा तर त्याहून खोटा होता. तो निदान रात्री झोपून शुद्धीवर येणार होता. मी माझी नशा घेऊन झोपायचो आणि तीच घेऊन उठायचो.

तुमची वर्धा रोडची बस आणि त्यांचा मिलानचा रस्ता एकच.


कोपऱ्यातला_बाक | सोमवार, दुपारी २:०५

मला या धाग्यावर गोड बोलता येणार नाही, आधीच सांगते.

बाबांना कॅन्सर झाला तेव्हा आम्ही एका मोठ्या मैदानी सभेला गेलो होतो. नाव घेत नाही. व्यासपीठावरून सांगितलं, विश्वासाचं बी पेरा, शंभरपट पीक येईल. आईने तिच्या पाटल्या मोडून बी पेरलं. बाबा चार महिन्यांनी गेले. मग त्यांच्यातलाच एक जण घरी आला आणि सोफ्यावर बसून, आमचाच चहा पिऊन म्हणाला, कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. आईने त्यानंतर दोन वर्षं बायबल उघडलं नाही. मी तर चर्चच्या रस्त्यावरूनसुद्धा जात नव्हते, मंगळवारी बाजाराला वळसा घालून जायचे.

दादा, तुमच्या प्रश्नात मला थोडं तेच दिसतं, राग मानू नका. एवढी वर्षं चर्चला गेलो, एवढं बेस गायलो, तर मला तृप्ती मिळायला हवी. हा हिशोब झाला. त्या सभेतल्या लोकांचं बी पाटल्यांचं होतं, तुमचं रविवारांचं आहे.

मी परत कशी आले विचाराल, तर बायबलातल्या स्तोत्र ८८ मुळे. कोणी फॉरवर्ड केलं नव्हतं, करणारही नाही. बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी "तरी मी तुझी स्तुती करीन" म्हणून सावरतात. हे सावरत नाही. शेवटचा शब्द अंधार. मी तीनदा वाचलं, पुढचं पान फाटलं की काय म्हणून पाहिलं. म्हटलं, हे जर पवित्र शास्त्रात ठेवलंय, तर इथे माझ्यासाठीही जागा असेल. आता सगळ्यात मागच्या बाकावर बसते. तृप्त वगैरे नाही अजून. पण खोटं बोलावं लागत नाही एवढं आहे.


बुटीबोरी_लोकल | सोमवार, रात्री १०:३०

कोपऱ्यातला_बाक, तुमचं वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसलो. राग नाही आला. रविवारांचं बी हे शब्द लागले.

मुलाच्या टेबलावर मीच एक स्टिकर लावलंय, फिलिप्पैकरांस पत्र ४:१३, जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, त्या अर्थाचं. पहिल्या वेळी राहिला तेव्हा त्याने काही केलं नाही. दुसऱ्या वेळी निकाल लागला त्या दिवशी स्टिकर अर्धं खरवडलेलं होतं. मी विचारलं नाही.


निळी_पहाट | सोमवार, रात्री ११:१५

जय भीम. वाचनमात्र होते, पण बोलावंसं वाटलं.

माझी आजी १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर होती. आमच्या घरात दुःखाचं कारण तृष्णा, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. तेव्हा बढती मिळूनही रिकामं का वाटतं हे मला नवीन नाही. अडचण वेगळी आहे. "समाधानी राहा" हे वाक्य या देशात कोणी कोणाला सांगितलं याचाही इतिहास आहे ना? आमच्या पूर्वजांना हजारो वर्षं हेच सांगितलं. आहे त्यात सुख मान, मागच्या जन्माचं फळ आहे. आजीने ते नाकारलं म्हणून मी आज नोकरीत आहे.

तुमच्यातही हे आहेच की. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना दिला, १९९० मध्ये आम्हा बौद्धांना. दलित ख्रिस्ती अजून बाहेर. माझी एक मैत्रीण आहे गड्डीगोदामची, तिच्या घरच्यांना चर्चमध्ये वेगळी वागणूक आणि तहसीलमध्ये वेगळी. तिला कोणी "प्रभूत तृप्त राहा" म्हटलं तर मी त्या माणसाशी भांडेन. टोमणा नाही, खरंच विचारतेय. तृप्ती आणि गप्प बसणं यात तुम्ही फरक कसा करता?


सिस्टर_६१ | मंगळवार, पहाटे ५:२०

सगळ्यांना सलाम, जय भीम आणि सुप्रभात. नर्स होते, पहाटेची सवय सुटत नाही. टाइप करायला वेळ लागतो म्हणून दोन दिवसांचं एकदम लिहिते.

आधी निळी पहाट बाईंचं, कारण प्रश्न चांगला आहे आणि आमच्यात तो विचारला की लोक खोकतात.

या भाऊंनी ज्या पत्राचं स्टिकर लावलंय, ते पत्र येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून लिहिलं. कोणाला? फिलिप्पै गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला. आता त्याच गावात आधी काय घडलं ते प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आहे. पौल आणि सीला यांना चौकशी न करता भर चौकात फटके मारले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते गात होते, भूकंप झाला, हे शब्बाथ शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. पुढचं कोणी शिकवत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, सोडून द्या त्यांना. पौल उठून गेला का? नाही. म्हणाला, आम्ही रोमी नागरिक. आम्हाला न्यायनिवाडा न करता चारचौघांत मारलं आणि आता गुपचूप घालवता? ते चालणार नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, घाबरून आले, विनवण्या केल्या.

तो माणूस पुढे त्याच गावाला लिहितो की मी ज्या स्थितीत आहे तीत तृप्त राहायला शिकलो. वाचणाऱ्यांत बहुधा त्या रात्री विश्वास ठेवलेला तुरुंगाचा अंमलदारही असेल! त्यांना ठाऊक होतं हा गप्प बसणारा नाही. याच पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. म्हणून तुमच्या मैत्रिणीने जातीच्या दाखल्यासाठी भांडावं, आणि भांडताना तिचं मन त्या दाखल्याच्या मुठीत नसावं, या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात. मी पाहिल्यात. फार नाही, पण पाहिल्यात.

आता बुटीबोरीवाले भाऊ. ते स्टिकर पोराने खरवडलं ते बरं केलं असं मी म्हणेन. तेरावी ओवी एकटी कापून काढली की ती परीक्षेचा तोडगा होते. आधीची वाचा, अकरा आणि बारा. भरपूर असणं कसं आणि उपाशी असणं कसं, दोन्हीचं रहस्य मला कळलंय, असं म्हणून मग तो म्हणतो की मला सगळं साधतं. म्हणजे "सगळं" यात नापास होणंही आलं. शिवाय त्याने शब्द "शिकलो" असा वापरलाय. मिळालं नव्हे, झालो नव्हे, शिकलो. बाप्तिस्म्यासोबत मिळत नाही ते. आमचे एक वृद्ध पाळक होते, ते सांगायचे की तृप्त याला जो ग्रीक शब्द आहे तो त्या काळच्या स्तोइक तत्त्वज्ञांचा, म्हणजे ज्याला कोणाची गरज नाही, जो स्वतःलाच पुरतो असा. पौलाने शब्द त्यांचा घेतला आणि आतलं सामान बदललं. मी स्वतःला पुरत नाही, पुरवणारा दुसरा आहे.

आता माझं. छत्तीस वर्षांतली सतरा मी बाळंतीण वॉर्डात काढली, त्यामुळे माझं आवडतं स्तोत्र १३१. तीनच ओव्या. त्यात म्हटलंय, दूध तुटलेलं बाळ आईजवळ असतं तसा माझा जीव माझ्या ठायी शांत आहे. पाळक लोक हे फार गोड करून सांगतात. त्यांनी दूध तोडताना बघितलेलं नसतं! आपल्याकडे आया कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. पोर तोंड लावतं, थू करतं, आईकडे बघतं की ही माझी आईच आहे ना. मग जो आकांत करतं, तीन रात्री, चार रात्री, शेजारी दार वाजवतात. आईला बोचकारतं. त्याच्या दृष्टीने आई दगा देते आहे. आणि एक दिवस ते परत त्याच मांडीवर येतं. डोकं टेकतं. शोधत नाही. दुधासाठी आलेलं नसतं, आईसाठी आलेलं असतं. तान्हं बाळ आईजवळ शांत असतं ते पोट भरल्यावर. हे तसं नाही.

तुम्ही प्रभूकडे चाळीस वर्षं जाताय ते बहुधा दुधासाठी जाताय. त्यात पाप नाही, तान्हं बाळ दुसरं काय करणार. आता निंब लागलाय. कंपनी, फ्लॅट, पोराचा निकाल, सगळं एकदम कडू झालंय. निंब देवाने लावला असं मी म्हणत नाही, बिल्डरचं पाप त्याच्या अंगावर का घालू? पण दूध तुटलंय एवढं खरं. तुम्ही सध्या तिसऱ्या रात्रीत आहात असं मला वाटतं.


तर्री_पोहा | मंगळवार, सकाळी ८:४०

मावशी, पहाटे पाच वाजता कोणी असं लिहिते का? मी चहा पीत होतो, थंडा झाला.


तर्कट | मंगळवार, सकाळी १०:१२

सगळं छान, पण एक शंका. अपेक्षा कमी करा, माणसांत राहा, दुःख नाकारू नका. हे कोणताही समुपदेशक सांगतो. त्यात देव मध्ये कशाला? शिवाय दूध तोडलं तर बाळ वरणभात खायला लागतं. इथे वरणभात कोणता?


कोपऱ्यातला_बाक | मंगळवार, सकाळी १०:५०

तर्कट, मी समुपदेशनही घेतलंय, उपयोग झाला, सगळ्यांनी घ्यावं. पण समुपदेशक म्हणायच्या, अपेक्षा सोडा. मला अपेक्षा सोडायची नव्हती. बाबा परत भेटतील ही अपेक्षा मी का सोडू? मला ती ठेवून जगता यायला हवं होतं. तुम्हाला हे पटणार नाही, चालेल. वरणभाताचं मात्र मावशींनीच सांगावं, मलाही ऐकायचंय.


जुना_करार | मंगळवार, दुपारी १२:३०

मावशी येईपर्यंत मी आपल्याच मातीतली दोन उदाहरणं टाकतो. विश्वास ठेवला की जगातल्या निराशा संपतात, असा समज असेल तर ती बघावीत.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक नागपुरातच होते, इथल्या अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर. ते काम सुटलं. नागपूरहून राजनांदगावला निघाले तेव्हा रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लगेच आनंदीआनंद झाला का? नातलग तुटले, लक्ष्मीबाई दूर राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. म्हणजे पाच वर्षं ते तृप्तही होते आणि घर मोडलेलंही होतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. त्या वेळी रमाबाई काय करत होत्या? केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत उतरवत होत्या. मुलगी गेल्यावरही हस्तलिखितं, प्रुफं चालूच. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये. त्या कागदांवर झुकलेल्या बाईला तृप्त म्हणायचं की दुःखी? मला तर दोन्ही एकाच वेळी दिसतात.


निळी_पहाट | मंगळवार, दुपारी १:१५

सिस्टर मावशी, फिलिप्पैची गोष्ट मला ठाऊक नव्हती. मैत्रिणीला पाठवली. ती म्हणाली, आमच्याकडे भूकंपावर प्रवचन संपतं.

पूर्ण पटलं असं नाही. पण भांडणार नाही आता, निदान तुमच्याशी.


सिस्टर_६१ | बुधवार, पहाटे ५:०५

वरणभात.

मोठं काही नाही हो. प्रभू शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलला (योहान ४). पाच नवरे झालेले, सहाव्यासोबत राहते, भर दुपारी एकटी पाण्याला येते. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता कोण पाणी भरतं? ज्याला बाकीच्या बायकांची तोंडं चुकवायची असतात तो. त्याने तिला जिवंत पाणी देऊ केलं. ती म्हणाली, द्या, म्हणजे मला पुन्हा इथवर यायला नको. अगदी तुमच्यासारखं भाऊ, तिलाही खेप वाचवायची होती! पण पुढे बघा. ती घागर तिथेच टाकून गावात पळाली, ज्या लोकांना चुकवत होती त्यांच्यातच. या, एक माणूस बघा म्हणून. पाणी प्याल्याचा उल्लेखच नाही. माझा वरणभात तो आहे, तर्कट. आपली घागर भरली की नाही हे तपासायचं थोडा वेळ विसरायला होतं.

आणि मंडळीत सगळं गोड असतं असं मी म्हणत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी, सीएनआय, स्थापन झाली. मी नऊ वर्षांची होते. बाबा घरी येऊन म्हणाले, आता आपल्यातली भांडणं संपली. अजून हसू येतं. त्या भांडणांनी माझी जेवढी निराशा केली तेवढी जगाने केली नाही. पण माझा नवरा गेला तेव्हा जरीपटक्याच्या कब्रस्तानात खड्ड्याच्या कडेला दोन्ही गटांचे लोक उभे होते, आणि माती देताना कोण कुठल्या गटाचा ते मला आठवेना.


बुटीबोरी_लोकल | पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय. आठवडाभर तुमचं सगळं पुन्हा पुन्हा वाचलं.

शनिवारी मुलाला म्हटलं, चल, माझ्या कंपनीच्या रस्त्याने चक्कर मारू. मोटरसायकलवर निघालो. पुढे टाकळघाटला गेलो. ती पाटी एकवीस वर्षं बसमधून पाहिली होती, कधी उतरलो नव्हतो. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप तिथेच पाण्यात बुडून गेले, सप्टेंबर १८६३ मध्ये. जुनी दगडांची वर्तुळं बघायला गेले होते. परतताना पूर आलेला ओढा ओलांडत होते. वय सेहेचाळीसही पूर्ण नव्हतं, माझ्यापेक्षा लहान. १८४५ मध्ये आले, अठरा वर्षं इथे शिकवलं, आणि कॉलेज निघालं १८८३ मध्ये, ते गेल्यावर वीस वर्षांनी. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे त्यांना रिझल्ट दिसलाच नाही. मी म्हटलं, नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बाबा, मला तिसऱ्यांदा नाही बसायचं.

हे त्याने मला घरी कधीच सांगितलं नसतं. मी म्हटलं, ठीक आहे. आधी चाचरलो, खोटं कशाला सांगू. पण म्हटलं. येताना बुटीबोरीच्या नाक्यावर पोहे खाल्ले. त्याने माझ्या ताटलीतली तर्री ओढून घेतली.

आज उपासनेला गेलो. मन भरलं का? नाही, तसं नाही सांगता येत. हप्त्याचा आकडा दुसऱ्या कडव्याला आलाच. पण आला तसा गेलाही, मी त्याच्या मागे गेलो नाही. तिसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की टेनर फार वर चाललेत, त्यांना खाली ओढायला हवं. मग तेच करत बसलो, आणि उपासना संपली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की लवकर संपली.

मावशी, तिसरी रात्र की चौथी ते तुम्हीच ठरवा.


सिस्टर_६१ | सोमवार, पहाटे ५:१०

ते आईला कळतं, नर्सला नाही.

तुम्ही कुठल्या चर्चच्या क्वायरमध्ये आहात ते मला आता कळलंय, कारण त्या टेनरमधला एक माझा भाचा आहे. त्याला रागवा. आणि सरावाच्या खोलीतलं घड्याळ दिवाळीपासून बंद आहे असं तो सांगत होता. तुमच्याकडे खोक्यात एक पडलंय ना?


बुटीबोरी_लोकल | सोमवार, सकाळी ८:००

आणतो बुधवारी. सेल मात्र क्वायरच्या पैशाने.

तर्री_पोहा भाऊ, नोंदणी क्रमांक सापडला. पूर्ण करायची तारीख दोनदा वाढवून घेतलीय त्याने, आणि आम्हाला कोणाला पत्ता नाही. आमच्या विंगमधले अकरा जण तयार झालेत, दोघांकडे पैशाच्या पावत्या नाहीत, फक्त बँकेचे उतारे आहेत. त्यावर चालतं का? आणि तक्रार सगळ्यांनी मिळून एकच टाकायची की प्रत्येकाने वेगळी?